पाटकरी तात्या आणि एक बाद चिठ्ठी

मी आयुष्यात पुष्कळ माणसांवर ओरडलो आहे. त्यातल्या बहुतेकांवर ओरडायलाच हवं होतं, असं माझं आजही मत आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करण्यापासून मी सुरुवात केली. आज कडेगावच्या रस्त्याला माझं जुन्या ट्रॅक्टरांचं आवार आहे. वडिलांनी मला जमीन दिली नाही, ओळख दिली नाही. दिला तो फक्त मोठा आवाज. त्या आवाजावर मी उभा राहिलो, त्यामुळे आवाज चढवल्याची लाज वाटायची सवय मला नाही. एका माणसाच्या बाबतीत मात्र ती वाटते. आणि त्याच माणसावरचा माझा रागही अजून पुरता गेलेला नाही. दोन्ही एकदमच वर येतात आणि मग दिवस खराब जातो.

गावात त्यांना पाटकरी तात्या म्हणत. पाणी उपसा संस्थेच्या पाटावर ते नोकरीला होते. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं आणि किती वेळ, हे त्यांच्या हातात. खांद्यावर खोरं, कमरेला चावी, आणि पाळीच्या बाबतीत सख्ख्या भावाचंसुद्धा ऐकायचं नाही. त्यांच्या थोरल्या भावानं एकदा आपली पाळी संपल्यावर पाटाचं दार उघडं ठेवलं, तर तात्यांनी भर दुपारी जाऊन ते बंद केलं आणि भावाच्या बांधावर बसून त्याचीच भाकरी मागून खाल्ली. भाऊ शिव्या देतोय आणि हे कांदा फोडतायत.

नोकरी संपली तेव्हा खोरं गेलं, पण यादी राहिली. आमच्या पक्षाचे ते गावातले बूथप्रमुख होते. किती वर्षं होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मतदार यादी म्हणजे त्यांना पाटाचा नकाशाच वाटायची. प्रत्येकाची पाळी ठरलेली. "पाण्याची पाळी आन मताची पाळी, कुणाची चोरायची न्हाई आन आपली सोडायची न्हाई," हे त्यांचं एकच भाषण. ते त्यांनी आमदारांच्या सभेतही केलं होतं. पाच सेकंदांत संपवून खाली बसले.

प्रचाराला ते घरोघर जायचे, पण गल्लीनं नाही, यादीच्या क्रमानं. यादीत एक नंबरचं घर वरच्या आळीत आणि दोन नंबरचं पाटापलीकडच्या वस्तीवर असलं, तर ते वरच्या आळीतून वस्तीवर जात आणि तीन नंबरसाठी पुन्हा वरच्या आळीत येत. मी म्हणायचो, "तात्या, शेजारचं घर आधी करा की. पाय मोडतील."

"तुझ्या आवारात गिऱ्हाईक ओळीनं हुबं आसलं, तर मधल्याला आधी घेतोस व्हय?"

"घेतो की. ज्याच्याकडं रोकड असते त्याला."

"म्हनून तर तुला शेठ म्हंत्यात आन मला तात्या."

मला ते 'शेठ'ही म्हणायचे आणि 'अरे-तुरे'ही करायचे. "शेठ, बस रं," असं एका दमात म्हणणारा तालुक्यात तो एकटाच माणूस.

प्रचारात ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत. काखेतल्या पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात भाकरी. विरोधी पक्षाच्या घरी तर जातच, पण स्वतःच्या मुलीच्या घरीही प्रचाराच्या दिवसांत उंबऱ्यावर बसून स्वतःची भाकरी खात. मुलगी रडायची, जावई चिडायचा. मतदान झालं की दुसऱ्या दिवशी जाऊन सगळा राहिलेला चहा एकदम पिऊन यायचे.

बायकांना ते त्यांच्या नावानं हाक मारायचे. आमच्याकडे नव्या सुनेला कुणी नाव विचारत नाही. ती अमक्याची सून, मग अमक्याची आई. तात्या दारात उभे राहून विचारत, "तुझं नाव काय गं? नवऱ्याचं नगं, तुझं." मग ते यादीत बोट ठेवून दाखवत. "हे बघ. हितं तू हायस." गावातल्या कितीतरी बायकांनी आपलं नाव छापलेलं पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या बोटाखाली.

आणि माणूस मेला तरी त्याचं नाव ते घरात बसून खोडत नसत. त्या घरी जात, ओट्यावर बसत, विचारत, "नाव हाय अजून यादीत. खोडू का?" घरच्यांनी हो म्हटलं की पिशवीतून फूटपट्टी आणि तांबडी पेन्सिल काढत. नावावर एकच सरळ रेघ. गिरगटायचं नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो तेव्हा विचारलं, एवढं काय त्यात? म्हणाले, "रेघ मारली तरी नाव वाचता आलं पायजे. मानूस गेलाय. नाव कशाला मारायचं?"

माझ्या सहीची ते फार चेष्टा करत. धंद्याच्या सुरुवातीला एका माणसानं तोंडी सौद्यात मला फिरवलं होतं. तेव्हापासून कागद हाताखालून गेला की मी सही केल्याशिवाय सोडत नाही. आधी नाव, नावाखाली सही, सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. कोटेशन असो, पावती असो, आहेराचं पाकीट असो. तात्या म्हणायचे, "शेठ, तू एक दिस भाकरीवर बी सही करशील आन उपाशी राहशील." मी हसायचो. त्या वेळी हसण्यासारखंच होतं.

मागच्या जिल्हा परिषदेला मी तिकीट मागितलं. माझ्यासारख्यानं तिकीट मागणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात पदं पिढ्यान्पिढ्या आहेत त्यांना कळायचं नाही. माझ्या गाडीतून पक्षाचे झेंडे फिरले, माझ्या आवारात पक्षाच्या बैठका झाल्या, पण स्टेजवर माझी खुर्ची कायम दुसऱ्या ओळीत. पुढं बसणारे माझ्याकडून ट्रॅक्टर घेताना 'भाऊ' म्हणायचे आणि स्टेजवर 'हे आपले ट्रॅक्टरवाले' म्हणायचे. मला पहिली ओळ हवी होती. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

इच्छुक तिघं होतो. एक मी, दुसरा तालुकाध्यक्षांचा भाचा आणि तिसरे एक रिटायर्ड मास्तर. भांडण मिटेना, तेव्हा वरून निरोप आला की गटातल्या अठरा बूथप्रमुखांनी आणि तिघा इच्छुकांनी गुप्त मतदान करून नाव ठरवावं. एकवीस मतं. ज्याला निम्म्याहून जास्त, म्हणजे अकरा, त्याचं तिकीट. पहिल्या फेरीत कुणालाच मिळाली नाहीत तर वरच्या दोघांत दुसरी फेरी. त्यातही बरोबरी झाली तर तालुकाध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्ष भाच्यालाच देणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मला अकरा पाहिजेच होती.

मी सौदा करायला बसलो. गटातले सहा बूथप्रमुख एकेक करून आवारात बोलावले आणि त्यांच्याकडून भंडारा उचलून घेतला. आमच्याकडे मत बांधायचं ते असंच. देवाची हळद तळहातावर घ्यायची, अमक्यालाच मत देईन म्हणायचं आणि कपाळाला लावायची. त्यानंतर माणूस सहसा फिरत नाही. फिरला तरी त्याला झोप लागत नाही. सहाही जणांनी उचलला.

सातवे तात्या. आमच्याच गावचे. त्यांच्यापुढं वाटी धरली तर त्यांनी हात मागं घेतला.

"मत देणार हाय म्हनलो न्हवं?"

"मग उचला की. बाकीच्यांनी उचललाय."

"बाकीच्यांच्या शबुदावर तुझा इश्वास नसंल. माज्यावर बी न्हाई व्हय?"

"तात्या, व्यवहार आहे हा."

"म्हनूनच. देवाला यवारात घालायचा न्हाई." त्यांनी वाटीतली चिमूटभर हळद घेतली, माझ्या कपाळाला लावली आणि खोऱ्याचा दांडा धरायची सवय असलेला तो रुंद हात माझ्या डोक्यावर ठेवून निघून गेले. मला तेव्हा चीड आली होती. वाटलं, म्हातारा वाट मोकळी ठेवतोय.

मतदान तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात झालं. चिठ्ठ्या उघडायला तिन्हीकडच्यांना चालेल असं एकच नाव निघालं, तात्यांचं. पहिल्या फेरीला तिन्ही नावं छापलेल्या चिठ्ठ्या होत्या, टिकमार्क करायचा. भाच्याला नऊ, मला आठ, मास्तरांना चार. माझे आठ म्हणजे भंडारा उचललेले सहा, मी आणि तात्या. म्हणजे तात्यांनी शब्द पाळला होता, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही. पण पुढच्या तासाभरात मी ते विसरलो.

दुसऱ्या फेरीपूर्वी अर्ध्या तासाची सुट्टी होती. मी मास्तरांना मागच्या अंगणात आचाऱ्यांच्या चुलाणापाशी गाठलं. मास्तर सरळ बोलले. "मी स्वतः भाच्याकडं जाणार. नातं आहे, नाइलाज आहे. माझी तिघं घे तुला." मी तिघांना तिथंच उभं केलं आणि खिशातल्या पुडीतला भंडारा त्यांच्या हातावर ठेवला. एकानं कुरकुर केली, त्याच्याशी हुज्जत घालण्यात वेळ गेला. आत छापलेल्या चिठ्ठ्या संपल्या होत्या, म्हणून वहीचे कागद फाडून त्यावर उमेदवाराचं नाव लिहायचं ठरलं आणि तात्यांनी उभं राहून नियम वाचले. मी ते ऐकले नाहीत. मी बाहेर आठाचे अकरा करत होतो. मला कुणीतरी हाक मारली तेव्हा सगळ्यांचं झालं होतं. धावत गेलो, कागद घेतला, लिहिलं, घडी घातली, डब्यात टाकलं.

भाच्याचे नऊ अधिक मास्तर, दहा. माझे आठ अधिक तीन, अकरा. मी खुर्चीवर मागं रेलून बसलो. मनात मी पहिल्या ओळीत पोचलो होतो.

तात्या एकेक चिठ्ठी उघडत, नाव वाचत, अध्यक्ष फळ्यावर रेघ मारत. एका चिठ्ठीशी ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "ही बाद."

"का?" कुणीतरी विचारलं.

"नियमात बसत न्हाई." त्यांनी चिठ्ठीची चार पदरी घडी केली आणि ती सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

दहा आणि दहा. अध्यक्षांनी खाकरून आपलं मत भाच्याला दिलं. टाळ्या वाजल्या.

माझं डोकं फिरलं. पण फिरलेलं डोकंही माझं गणित करतंच. अकरांतली नऊ भंडाऱ्यानं बांधलेली. दहावं माझं स्वतःचं. उरलं एकच, न बांधलेलं. मी उठलो.

"ती चिठ्ठी दाखवा."

"गुप्त म्हंजे गुप्त. बस रं शेठ."

"दाखवा म्हणतोय ना! कुणाची आहे ती?"

"कुनाची का आसंना. बस खाली. लय बोलू नगंस." ते हळू बोलत होते. इतकं हळू, की मला वाटलं घाबरलेत.

"तुमचीच आहे ती. भंडारा उचलायला हात मागं घेतलात तेव्हाच ओळखलं मी. किती घेतलं? बोला की, किती घेतलं भाच्याकडून?"

ज्यांनी आयुष्यभर कुणाच्या घरचा चहा घेतला नाही त्यांना मी वीस माणसांसमोर हे विचारलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"माजीच आसंल," ते म्हणाले.

पुढं मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या पिशवीतली यादी ओढून घेतली आणि ती खुर्चीवर आपटली. पानं सुटून खाली पसरली. भाच्याच्या माणसांनी मला धरून बाहेर नेलं. मागं वळून पाहिलं तेव्हा तात्या खाली बसून पानं क्रमानं लावत होते. एक, दोन, तीन.

रागाचं मी समजू शकतो. राग माझा जुना भागीदार आहे. पण त्यानंतर तीन दिवसांनी जे केलं ते रागात नव्हतं. मी अपक्ष अर्ज भरायच्या तयारीत होतो, पक्षाला ते परवडणारं नव्हतं. अध्यक्ष स्वतः आवारात आले. चहा झाला, मी माघार घ्यायचं कबूल केलं आणि दोन अटी घातल्या. पहिली, तालुका कार्यकारिणीत पद. दुसरी, मतदानाच्या दिवशी आमच्या गावच्या टेबलावर तात्या दिसायला नकोत, यादी माझ्याकडे.

अध्यक्ष म्हणाले, "एवढंच? मला वाटलं काही मोठं मागाल."

मी चहा पीत, थंड डोक्यानं मागितलं होतं. आणि इतकं स्वस्तात मिळालं, म्हणून खूशही झालो होतो.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापासून लांब, लिंबाखाली आमचं टेबल लागलं. तिथं मी बसलो. लोक यायचे, "तात्या कुठायत?" विचारायचे आणि मी नाव शोधत पानं उलटत राहायचो. मागं रांग वाढायची. नऊच्या सुमाराला तात्या आले. धुतलेला सदरा, टोपी. रांगेत उभे राहिले. पुढच्यांनी वाट करून दिली तरी पुढं आले नाहीत. नंबर आल्यावर म्हणाले, "माजी चिठ्ठी द्या."

मला त्यांचं नाव सापडेना. मला ती यादी वाचताच येत नव्हती. टेबलावर वाकून, एक पान उलटून त्यांनी बोट ठेवलं. "हितं हाय मी." चिठ्ठी घेतली, केंद्रावर गेले, मत देऊन आले आणि आमच्या टेबलाकडं न बघता घरी गेले. त्यानंतर ते कधी कुणाच्या प्रचाराला गेले नाहीत.

गावात मात्र गोष्ट राहिली. कुणी शब्द देऊन फिरला की लोक म्हणू लागले, "तात्याची चिठ्ठी निघाली." मी ऐकायचो. कधी मीही म्हणायचो.

मधे निवडणुका लांबतच गेल्या. त्या काळात तात्या वारले. मी मातीला गेलो होतो, मागं उभा राहिलो आणि लवकर परतलो. आता पुन्हा निवडणुकीचे वारे सुरू झाले आणि यादी माझ्याकडे आली. पक्षाची पोरं सगळं फोनवर करतात. मेलेल्यांची नावं बसल्या जागी बोटानं उडवतात. तात्यांचं नाव आलं तेव्हा का कोण जाणे, मी पोराच्या हातातला फोन काढून घेतला. म्हटलं, हे मी करतो.

कागदाची यादी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांची सून ओट्यावर शेंगा निवडत होती.

"तात्यांचं नाव यादीत आहे अजून," मी म्हणालो. "खोडू का, विचारायला आलोय."

तिनं मान वर केली. "आता फोनवर खोडत्यात म्हनं. तुमी कसं काय आला?"

"तात्यांची पद्धत होती."

"व्हय. त्यांची व्हती." ती आत गेली आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आली. "मामंजी म्हनलं व्हतं, शेठ नाव खोडायला घरी आला तर ही त्याला द्या. न्हाई आला तर मागं लागू नका."

ती मागच्या वेळची यादी होती, मी आपटलेली. पानं क्रमानं लावून शिवलेली. माझं नाव ज्या पानावर होतं तिथं चार पदरी घडीचा वहीचा कागद. उघडला. माझं नाव. नावाखाली माझी सही. सहीखाली रेघ. रेघेखाली दोन टिंबं.

त्यांनी त्या दिवशी वाचलेला नियम मला नंतर केव्हातरी कुणीतरी सांगितला होता आणि मी तो कानाआड केला होता. चिठ्ठीवर नावाशिवाय काही लिहिलं, खूण केली, सही केली, तर ती बाद.

"काय हाय वं त्यात?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. जुना कागद आहे," मी म्हणालो. खिशात घातला आणि नाव न खोडताच उठून आलो.

दोन दिवस तो कागद माझ्या खिशातच होता. खोटं कशाला सांगू, पहिला आला तो रागच. अरे माणसा, सहीवर अंगठा ठेवून नाव वाचलं असतंस तर कुणाला कळलं असतं? माझ्या बाजूचा होतास, मत मलाच दिलंस आणि माझं तिकीट तुझ्याच हातानं खिशात घातलंस? आणि नंतर तरी सांगायचं होतंस. माझ्या आवारात येऊन हा कागद माझ्या तोंडावर मारायचा होतास. मी ओरडलो असतो, तू ओरडला असतास, फिटलं असतं. पण कागद दाखवला असता तर सगळ्या तालुक्यानं मला हसून घेतलं असतं, स्वतःचं मत स्वतः बाद करणारा व्यापारी म्हणून. एवढ्यासाठी त्यांनी "माजीच आसंल" म्हटलं. की फक्त 'गुप्त म्हंजे गुप्त' म्हणून? ते त्यांनी मला कळू दिलं नाही. ज्या माणसाशी भाव करता येत नाही त्याच्यासमोर माझं काही चालत नाही.

तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन पुन्हा गेलो आणि सुनेच्या हातात दिला. कशाचा आहे ते सांगितलं. तिनं तो सावकाश वाचला. पाठपोट वाचला.

"ह्यांनी सोसायटीला फारम भरला तवा लोक म्हनली, बापावानी फुटू नगंस. घरात येऊन दोन दिस जेवलं न्हाईत," ती म्हणाली. 'ह्यांनी' म्हणजे तिचा नवरा, तात्यांचा मुलगा. "मामंजी तितंच बसल्यालं. एक शबुद बोललं न्हाईत."

"माझी चूक झाली. मी तुमच्या पाया पडतो."

"माज्या कशाला पडताय?" तिचा आवाज चढला. "शिव्या तितं दिल्या आन कागद हितं दावताय व्हय? माज्या ओट्यावर कोन हाय बघाय? त्या हॉलात दावा. मग या नाव खोडायला. तवर राहूद्या मामंजींचं नाव यादीत."

कागद तिनं माझ्या हातात परत दिला.

यंदा मतदान नव्हतं, मुलाखती होत्या. तेच मंगल कार्यालय. अध्यक्ष तेच, भाचा आता जाड झालेला, मास्तर काठी घेऊन आलेले. बूथप्रमुखांतले बरेच जण नवे. इच्छुकानं उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. मी या खेपेलाही इच्छुक होतो. अर्ज दिलेला होता.

अध्यक्ष म्हणाले, "बोला शेठ. पक्षासाठी काय केलंत ते सांगा."

मी खिशातून कागद काढला. सांगितलं. मागच्या वेळची बाद चिठ्ठी ही आहे, तात्यांची नाही, माझी आहे, ही माझी सही. तात्यांनी मत मलाच दिलं होतं. मी त्यांना विचारलं होतं, किती घेतलं. ते मी याच जागेवर उभं राहून विचारलं होतं.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे तुजं तिकीट तूच खाल्लंस की रं!" आणि हॉल हसला. अध्यक्ष हसले. भाचा इतका हसला की त्याला ठसका लागला. "दोन टिंबं बी दिल्यात बघा," कुणीतरी कागद हातात घेऊन म्हणालं आणि तो कागद हसत हसत रांगेतून फिरू लागला. इतकी वर्षं तात्यांनी जे खिशात ठेवलं होतं ते हेच हसू. तात्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. नव्यांना ते कोण हेही माहीत नव्हतं. एकटे मास्तर हसले नाहीत. कागद फिरत त्यांच्यापाशी आल्यावर त्यांनी त्याची चार पदरी घडी घातली आणि तो मला आणून दिला.

तिकिटाचं जे व्हायचं ते झालं. त्याचं सांगण्यासारखं काही नाही.

परतताना गाडी थेट तात्यांच्या घरापुढं उभी केली. सून दारातच होती.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हनली लोकं?"

"हसली."

ती आत जाऊन फूटपट्टी आणि तांबडी पेन्सिल घेऊन आली. पेन्सिल बोटभर उरली होती. मी ओट्यावर बसलो, यादी मांडीवर घेतली. या वेळी नाव मला लगेच सापडलं. पट्टी ठेवली, रेघ ओढली. पट्टी हातातून सरकली आणि रेघ वाकडी गेली.

ती वाकून बघत होती. नावावर बोट ठेवून तिनं ते अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं.

"वाचाय येतंय," ती म्हणाली, आणि पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.